निम्मा खुबा

"नशीब काढलंत हो, मावशी," शेजारच्या बाकावरची बाई म्हणाली. "श्रावणबाळ आहे अगदी तुमचा मुलगा. आजकाल कोण करतं एवढं?"

माझं डोकं सणकलं. या बाईला मी ओळखत नाही, तिनं मला आज पहिल्यांदा पाहिलं. हाडांच्या दवाखान्याच्या या लांबलचक दालनात आम्ही दोघी आपापला नंबर येण्याची वाट बघत बसलोय, एवढीच ओळख. तिच्या मनगटाला प्लास्टर आहे आणि त्यावर नातवंडानं मारलेल्या निळ्या रेघा आहेत. माझ्या मुलानं नुकतीच माझ्या गुडघ्यांवरची शाल दोन्ही बाजूंनी खोचली, चाकाच्या खुर्चीला ब्रेक लावला, तो नीट लागलाय ना हे खुर्ची हलवून पाहिलं, पुन्हा एकदा हलवून पाहिलं आणि मग तो चौकशीच्या खिडकीकडे गेला. जाताना म्हणाला, "हलू नकोस हं, आई." ब्रेक लावलेल्या खुर्चीत बसून मी कुठे हलणार होते? आणि हे सगळं बघून ही बाई मला नशीबवान ठरवून मोकळी झाली. मी उत्तर दिलं नाही, हसलेसुद्धा नाही. तिला वाटलं म्हातारीला ऐकू येत नसावं, म्हणून तिनं तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं. समोरच्या बाकावरची माणसंही माना डोलवायला लागली.

श्रावणबाळ म्हणे. लहानपणी आई ती गोष्ट सांगताना डोळे पुसायची आणि मला दर वेळी एकच प्रश्न पडायचा. त्याचे आईबाप आंधळे होते. पांगळे कुठे होते? मग कावडीत घालून खांद्यावरून न्यायची काय गरज होती? एक हात आईच्या हातात दिला असता, एक बापाच्या, तर चालत गेली असती की दोघं. पायाला धूळ लागली असती, दगड टोचले असते, पाण्यात पाय बुडले असते. डोळ्यांना नाही तरी तळव्यांना कळलं असतं, की आपण कुठेतरी निघालोय. कावडीत काय कळणार? नुसते हेलकावे. पण त्या दोघांना कुणी विचारलंच नाही. गोष्टीतसुद्धा नाही. मी हे बोलून दाखवलं की आई म्हणायची, "तुझं आपलं जगावेगळंच. गप ऐक." मी जन्मात कधी गप ऐकलं नाही. या चार महिन्यांत मात्र गप पडून राहिले आहे, आणि या गोष्टीचा मला इतका संताप येतो की दात आवळून आवळून जबडा दुखायला लागतो. त्या दुखण्यावर माझा मुलगा मलम लावतो.

माझ्या डाव्या खुब्यात आता निम्मं माझं आहे आणि निम्मं कारखान्यातलं. डॉक्टरनं मूठ वळून दाखवलं होतं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो, तो कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरतो. माझा गोळा देठापासून मोडला. या वयात तो जुळत बसत नाही, म्हणून तो काढून टाकायचा आणि हाडात खिळा ठोकून त्यावर धातूचा बसवायचा. वाटी मात्र तशीच ठेवायची. "म्हणजे अर्धाच सांधा बदलायचा, आजी. वाटी तुमचीच राहणार." मी म्हटलं, उपकार झाले. कमरेखाली बधिर केलं होतं, तरी कान जागे होते. हिरव्या पडद्यापलीकडे हातोडी चालली होती. दार बसवताना सुतार चौकटीवर घालतो तसे घाव, आणि प्रत्येक घावाबरोबर टेबलावर माझं डोकं हलत होतं. दुखत काहीच नव्हतं. आपल्याच घरात कुणी परकं माणूस ठोकाठोकी करतंय आणि आपल्याला बैठकीच्या खोलीत बसवून ठेवलंय, असं वाटत होतं. तरी खोटं कशाला बोलू, त्या घावांनी मला धीर आला. जे इतकं ठोकून बसवतात ते पक्कंच असणार.

आणि पक्कंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम शिकवणारी बाई आली. दणकट खांद्यांची, बोलण्यात मऊपणाचं नाव नाही. आल्या आल्या म्हणाली, "उठा." मी म्हटलं, "काल तर कापलंय." ती म्हणाली, "म्हणून तर आज उठा. पडून राहिलात की छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, पायातलं बळ जातं. हा सांधा चालण्यासाठी बसवलाय, शोकेसमध्ये ठेवायला नाही." वॉकर माझ्यापुढे ठेवला. मी उठले. डोळ्यांपुढे काजवे चमकले, टाके ओढले गेले, पण पाय टेकला आणि पायानं माझं वजन घेतलं. वॉर्डच्या दारापर्यंत गेले. दाराशी उभी राहून बाहेरच्या बोळातली ये-जा पाहिली तेव्हा मला रडू आलं. वेदनेनं नाही. माझा पाय मला परत मिळाला होता, म्हणून. बाई म्हणाली, "रडायचं असेल तर चालता चालता रडा." असं माणूस आयुष्यात आधी का नाही भेटलं?

मी चालणारी बाई. वीज कंपनीत मीटर वाचायचे. माझ्या आधी त्या कामावर एकही बाई नव्हती. साहेबानं विचारलं होतं, "जिने चढवतील का?" मी म्हटलं, "तुम्ही चढून दाखवा, मग मी दाखवते." सगळे गल्लीबोळ, सगळे जिने, जिन्यांखालच्या अंधाऱ्या फडताळातले सगळे मीटर. हातात बॅटरी, खांद्याला पिशवी. कुत्री भुंकून भुंकून शेवटी ओळखीची झाली. बनियनवर दार उघडणारे बाप्ये मला बघून दचकायचे आणि आत पळायचे, त्याची मला गंमत वाटायची. मुलं ओरडायची, "मीटरवाली आली!" मीटरच्या काचेआड एक चकती असायची, पातळ, कडेला एक लाल खूण असलेली. घराला कुलूप असलं, शेजारी म्हणाले की माणसं गावाला गेलीत, तरी चकती फिरत असली की समजायचं, आत काहीतरी चालू आहे. कधी विसरलेला दिवा, कधी फ्रीज. एकदा तर आत सासऱ्याला कोंडून गेलेली माणसंही निघाली. आता दिवसभर पलंगावर पडलेली असते तेव्हा मला ती चकती आठवते. लोक येतात, बघतात, हळू आवाजात म्हणतात, "शांत आहेत हो." शांत! आत भिंगरी लागलीय.

पडले कशी, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा मी माझ्या दोन खोल्यांत एकटी राहायचे, मुलाच्या घरापासून चार रस्ते सोडून, एक जिना चढून. तो निवृत्त झाल्यापासून मला दिवसातून तीनदा, चारदा फोन करायचा. बोलायला काही नसायचं. "ठीक आहेस ना?" एवढंच. मी फोन लगेच उचलला नाही की तो शेजारणीला फोन करायचा आणि शेजारीण जादाची किल्ली घेऊन धावत यायची, मग मला तिला चहा करावा लागायचा. त्या दिवशी गॅसवर दूध उतू चाललं होतं आणि फोन वाजायला लागला. इकडे दूध, तिकडे शेजारीण. मी गर्रकन वळले, आणि पाय जागीच राहिला. फरशीवर पडल्या पडल्या मला माझं हाड मोडल्याचं कळलं होतं, वर फोन वाजतच होता. ठीक आहेस ना, ठीक आहेस ना. शेजारीण आली, गाडी बोलावली. सगळे म्हणतात, फोन केला म्हणून आई वाचली. तोही तसंच म्हणतो. मी तोंड मिटून बसते. सांगितलं तर हा माणूस कोसळेल, आणि कोसळलेल्या माणसाची समजूतही मलाच काढावी लागेल. तेवढी ताकद मी माझ्या पायांसाठी राखून ठेवली होती.

तो वाईट नाही. हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर चार लोकांत बोलता आलं असतं, भांडता आलं असतं, कुणी माझी बाजू घेतली असती. चांगल्या माणसाविरुद्ध दाद कुठे मागायची? घरी न्यायच्या दिवशी डॉक्टरनं त्याला बोळात बाजूला घेतलं होतं. दार लोटलेलं होतं, पण मीटरवालीचे कान दाराशीच तयार झालेले. डॉक्टर म्हणाला, "ऑपरेशन छान झालंय. पण या वयात खुबा मोडला की काही जण वर्ष काढत नाहीत. बरेच जण पहिल्यासारखे चालत नाहीत. तेव्हा काळजी घ्या." व्यायामवाल्या बाईनं हेच सांगितलं असतं तर शेवटी म्हणाली असती, तेव्हा चालवा. डॉक्टर म्हणाला काळजी घ्या आणि पुढच्या पेशंटकडे गेला. दोन शब्द. माझ्या मुलानं ते दोन शब्द आणि ते वर्ष उचललं आणि घरी आणलं. त्या दिवसापासून तो माझं वर्ष सांभाळतोय. "एक वर्ष निघू दे, आई. मग तू म्हणशील तसं." वर्ष काढायचं म्हणजे काय, तर मी मोडायची नाही.

तो काचसामानाच्या गोदामावर मुख्य होता. पेले, बरण्या, झुंबरांचे लोलक. खोक्यांत पेंढा भरायचा, मग कागद, मग कोपऱ्यांना पुठ्ठा, वर शिक्का, जपून हाताळा. तो सांगायचा, की त्याच्या हातून गेलेला माल कधी फुटला नाही. आणि ते खरं होतं, साहेब लोक त्याचं उदाहरण द्यायचे. निवृत्तीच्या समारंभात त्याला काचेचाच एक मोठा वाडगा दिला. तो वाडगा आजही त्याच्या खोक्यातच आहे, माळ्यावर, पेंढ्यात. कधी बाहेर काढला नाही. म्हणतो, फुटेल. आता मी आहे. त्यानं घरातल्या सगळ्या टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला. पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे लावून घेतले. पायांमध्ये उशी, पाठीशी उशी, कुशीला लोड. उशाशी घंटी. घंटी वाजवली की तो येतो, आणि नाही वाजवली तरी येतो. "आपल्याला आता कुशीवर वळायचंय हं," म्हणतो. आपल्याला! मला वळायचं असतं, याला कुठे वळायचं असतं? दात घासायला तसराळं पलंगावर, जेवण पलंगावर, बाकीचंही पलंगावर, ते मी सांगत नाही. ज्या बाईनं सगळ्या वस्तीचे जिने तुडवले, ती भांड्यावर बसते आणि साठीचा मुलगा पडद्याआडून विचारतो, झालं का.

व्यायामवाली बाई सुरुवातीला घरी यायची. ती मला उभी करायची आणि हा तिच्या मागे दोन्ही हात पसरून उभा, चेंडू झेलायला उभं राहावं तसा. माझा श्वास लागला की म्हणायचा, "दमली ती. पुरे आज." ती म्हणायची, "दमू द्या." हा म्हणायचा, "तुम्हाला नाही कळणार, तुमची आई नाही ती." एकदा वळताना माझा किंचित तोल गेला, वॉकर तिरपा झाला, पडले नाही मी, पण ह्याच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी त्यानं तिला फोन करून सांगितलं, आता जरा विश्रांती देऊ, नंतर कळवतो. ते नंतर काही आलं नाही. वॉकर माळ्यावर गेला, वाडग्याच्या खोक्याशेजारी. मी म्हटलं, "मला चालायचंय." तो म्हणाला, "चालशील गं. घाई काय आहे?" मी ओरडले. तो समजूतदारपणे हसला आणि शेजारपाजारी सांगून आला, की औषधांमुळे आईची चिडचिड होते. घ्या! म्हणजे आता माझा रागसुद्धा माझा नाही.

सुनेला कळत होतं. ती अजून नोकरी करते, दिवसभर बाहेर असते, आणि तिला या घरातलं सगळं संध्याकाळी बाहेरून आल्यावर दिसतं, म्हणून स्वच्छ दिसतं. एका सुट्टीच्या दिवशी तो भाजी आणायला गेला आणि ही स्टूलवर चढून वॉकर खाली घेऊन आली. "आई, चला. ते यायच्या आत." दोघी चोरट्या पोरींसारख्या स्वयंपाकघरापर्यंत गेलो. ती मला धरत नव्हती, फक्त बाजूनं चालत होती आणि बडबडत होती, की कोपऱ्यातल्या दुकानदारानं मिशा काढल्यात आणि तो आता त्याच्याच धाकट्या भावासारखा दिसतो. मी हसले. ओट्याला टेकून उभी राहिले, नळ सोडला, पेला विसळला आणि उभ्यानं पाणी प्यायले. पाण्याला अशी चव असते हे मी विसरले होते. तेवढ्यात किल्ली वाजली. तो दारात, हातात पिशवी. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी दुप्पट ओरडले असते. तो रडायला लागला. पिशवी खाली ठेवून, भिंतीला टेकून, तोंड झाकून, हमसून हमसून. "तुला मारायचंय का तिला? मी रात्रंदिवस एवढं करतो आणि तुम्ही..." सुनेनं वॉकर परत माळ्यावर ठेवला. मला म्हणाली, "सॉरी, आई. मला ते रडणं बघवत नाही." कुणाला बघवतं? मलाही बघवलं नाही, ती वॉकर ठेवायच्या आधीच मी पलंगावर जाऊन पडले. रडून हात बांधता येतात, त्याला दोरी लागत नाही.

"चल, आई, आपला नंबर आला." मुलानं ब्रेक काढला. शेजारच्या बाईनं प्लास्टरचा हात वर करून निरोप दिला. आम्ही गुळगुळीत फरशीवरून निघालो, माझे पाय पायपट्टीवर शेजारी शेजारी ठेवलेले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मधल्या बोळाच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लाकडी दांडा बसवलेला आहे, इथून तिथवर, पेशंटना धरून चालायला. एक म्हातारा तो धरून चालला होता, खुरडत, शिव्या देत, कपाळ घामानं डबडबलेलं. मला त्याचा हेवा वाटला. इतका हेवा मला तरुणपणी कुणाच्या दागिन्यांचाही वाटला नव्हता.

डॉक्टरनं माझ्याकडे न बघता आधी एक्स-रे उजेडात धरला. तिथे मी होते, काळ्यावर पांढरी, आणि माझ्या मांडीत तो लखलखीत खिळा आणि वर गोळा, माझ्या वाटीत अगदी चपखल बसलेला. "वा," तो म्हणाला. "एकदम बेस्ट. काही सरकलं नाही, काही झिजलं नाही. रिझल्ट उत्तम." मग मुलाकडे बघून, "दुखतं का त्यांना?" मुलगा म्हणाला, "नाही, डॉक्टर." "झोप?" "शांत झोपते." "चालतात ना?" माझ्या मुलानं अर्धा क्षणही न घालवता सांगितलं, "हो, थोडं थोडं." तो खोटं बोलत नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याच्या लेखी पलंगावरून खुर्चीत ठेवताना माझा पाय जमिनीला लागतो, ते चालणंच. डॉक्टर लिहायला लागला. मी बघत होते, तो लिहितोय. आता तो मान वर करणार, "छान, सहा महिन्यांनी या" म्हणणार, आणि मी उत्तम म्हणून पलंगावर परत जाणार. मरेपर्यंत उत्तम.

"कुणाचा रिझल्ट?" मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं. दाराशी उभी असलेली नर्स वळली. डॉक्टरनं पेन थांबवलं. "काय म्हणालात, आजी?"

"मी तुमची आजी नाही. रिझल्ट कुणाचा उत्तम, त्या खिळ्याचा का माझा? मी चालत नाही. मला चार महिने चालू दिलेलं नाही. हा मला उचलून ठेवतो आणि उचलून आणतो. मला विचारा, इथे बसलेय मी."

"आई, अगं..." मुलगा म्हणाला. "डॉक्टर, औषधांमुळे तिची जरा..."

"चिडचिड होत नाही. मी चिडलेय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

डॉक्टरनं आज पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. तरुणच आहे तसा, डोळ्यांखाली काळं, झोप झालेली नसावी. "उठून दाखवता?" म्हणाला. मी खुर्चीचे हात धरले. मनातल्या मनात मी हे रोज केलेलं होतं, दिवसातून कितीदा तरी. मनात मी ताडकन उठत असे, ओट्यापर्यंत जात असे, जिना उतरत असे, चार रस्ते ओलांडून माझ्या दोन खोल्यांचं कुलूप उघडत असे. हातांनी जोर दिला. पाय नुसते थरथरले. बूड वीतभर वर गेलं आणि धप्पकन खाली आलं. मुलगा झेपावला. मी खुर्चीत बसून माझ्या मांड्यांकडे बघत राहिले. म्हणजे त्याचं म्हणणं खरं झालं तर. मी नाही ऐकलं त्याचं, पण माझ्या पायांनी ऐकलं. मला न विचारता ते त्याच्या बाजूला गेले. इतकी वर्षं ज्यांच्यावर भिस्त ठेवली, तेच. त्या क्षणी मला जो राग आला तो मुलाचा नव्हता, डॉक्टरचा नव्हता, मला वाटतं देवाचाही नव्हता. नुसता राग होता, आणि मला भीती वाटली, खूप भीती वाटली.

डॉक्टर उठून माझ्यापुढे आला, खाली बसला, माझी मांडी दोन्ही हातांत धरून दाबून पाहिली. मुलाला म्हणाला, "अहो, मांडीत काही राहिलंच नाही. सांधा ठणठणीत आहे, पण सांधा हलवतात स्नायू. ते पडून पडून गेले. चालवलं का नाहीत?"

"तुम्हीच म्हणाला होतात, काळजी घ्या. वर्ष काढत नाहीत म्हणालात."

"पडून राहणारे काढत नाहीत!" डॉक्टर म्हणाला. मग खालच्या आवाजात, "सांगायला हवं होतं मी नीट." तो माझ्याकडे वळला. "बाई, खरं सांगतो. आणखी दोन-तीन महिने असेच गेले तर मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही. आत्ता सुरू केलंत तर जमेल. पूर्वीसारखं कदाचित नाही जमणार. पण स्वतःच्या घरात स्वतःच्या पायांवर, एवढं जमू शकेल. दुखेल. दमाल. पडालसुद्धा एखादे वेळी."

"पडले तर उजवा खुबा अजून शिल्लक आहे," मी म्हणाले. नर्स हसली. मुलगा हसला नाही.

दुसऱ्यांदा डॉक्टरनं मला धरलं नाही. फक्त तळहात पुढे केला, घेतला तर घ्या, नाही तर नका. "पाय आधी मागे घ्या. पुढे वाका. नाक गुडघ्यांच्या पुढे. आता ढकला जमिनीला." जमिनीला ढकला, असं कुणी सांगितलं नव्हतं. मी ढकललं. मांड्यांत आग पेटली, गुडघे वाजले, कान बंद झाले, आणि मी वर आले. वाकडी, थरथरत, तोंड उघडं टाकून, पण वर. सगळ्यांचे चेहरे एकदम माझ्या उंचीला आले. चार महिने मी माणसांच्या हनुवट्या पाहिल्या होत्या. मी मुलाकडे पाहिलं. आपली आई उभी राहिली तर माणसाचा चेहरा कसा व्हावा? त्याचा चेहरा उतरला. आनंद नव्हता असं नाही म्हणणार मी, असेल, पण त्याच्या वर दुसरंच काही होतं. त्याचे पसरलेले हात तसेच हवेत होते आणि त्यांत काही नव्हतं. मला त्याच्या निवृत्तीचा समारंभ आठवला, हार घातल्यावर त्यानं गोदामाच्या किल्ल्या काढून दिल्या तेव्हा तो असाच दिसला होता. मला सगळं समजलं, आणि समजल्यामुळे राग काही कमी झाला नाही. उलट वाढला. म्हणजे मी याची नोकरी होते.

बोळात आल्यावर मी म्हणाले, "थांब. मला इथे उभी कर. नाही, तू नको करूस, मी उठते." पाय मागे घेतले, वाकले, जमिनीला ढकललं. या वेळी एका धडपडीत नाही झालं, दोनदा बसले, तिसऱ्यांदा उठले आणि भिंतीचा दांडा गच्च धरला. लाकूड गार होतं आणि आधी धरून गेलेल्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं. तो खुर्चीमागे उभा राहून बघत होता. दोनदा त्याचा हात पुढे आला, दोनदा त्यानं तो मागे घेतला. मी डावं पाऊल टाकलं. मग उजवं. मग पुन्हा डावं, ते जरा फरफटलं. लोक बाजूनं जात होते, एकानं वाट करून दिली. पाठीमागे चाकांचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होते. आवाज आला नाही. मान वळवून पाहिलं तर तो माझ्याच खुर्चीत बसला होता, माझी शाल मांडीवर, हात तिच्यावर. अवघडलेला, वय झालेला माणूस. त्याला तिथे बसलेलं बघून कुणालाही वाटलं असतं, हाच पेशंट.

"सकाळी उठून तुझं दूध," तो म्हणाला. "मग गोळ्या, मग अंघोळ. दुपारी तुला कुशीवर करायचं." तो माझ्याशी बोलत नव्हता, एकेक काढून बाजूला ठेवत होता. मग त्यानं वर पाहिलं. "तू चालायला लागलीस तर मग मी काय करू दिवसभर, आई?"

पोटचा पोर आहे. लहानपणी गुडघा फुटून घरी यायचा तेव्हा असाच बघायचा. त्याच्याजवळ जावं, डोक्यावरून हात फिरवावा, असं मनात आलं. पण त्यासाठी मला दांडा सोडावा लागला असता.

"ते तुझं तू बघ," मी म्हणाले, आणि डावा पाय पुढे टाकला.